हे बरं, का आधीचं?

धानोऱ्याच्या आठवडी बाजारात मी पत्रकं वाटत होते. आमच्याकडच्या गावांची बंद केलेली बस पुन्हा सुरू करा, एवढंच त्या पत्रकात होतं, फक्त जरा मोठ्या टायपात. बाजारात नेटवर्क येतं तसं जातं. फोन केव्हा वाजला, केव्हा थांबला, कळलं नाही. उन्हाला कंटाळून चिंचेखाली आले तेव्हा सचिनचे मिस्ड कॉल ओळीनं दिसले आणि मी आधी वैतागलेच. सचिन माझा एमबीएचा वर्गमित्र, राजुऱ्याचा, वडील कोळसा खाणीत. पोराला फोनचा भारी सोस. मी लावला आणि म्हटलं, "काय गा, आग लागली का कुठी?" "कुठी हायेस?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "नसरीन मॅडम गेल्या व. सकाळी छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत..."  मी ज्या चिंचेला टेकून उभी होते तिच्याच सावलीत मागच्या उन्हाळ्यात मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर छत्री, आणि समोर म्हाताऱ्या बायांची ही रांग! ती रांग का लागली होती ते पुढे सांगते. त्या दिवशी मात्र मला एवढंच आठवतं की हातातली उरलेली पत्रकं मी एका भाजीवालीच्या टोपलीवर ठेवली, तिनं ती वांग्यांवर झाकली, आणि मी गडचिरोलीची गाडी पकडली.

चंद्रपूरला पोचले तेव्हा दिवस कलला होता. मॅडम राहायच्या ते घर चष्म्याच्या दुकानावर आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि गच्ची. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, त्यावरची 'डोळे तपासून मिळतील' ही पाटी तशीच. वर बायका बसल्या होत्या, मी त्यांच्यात जाऊन बसले. कोणीतरी माझ्या डोक्यावर ओढणी सारखी केली, कोणीतरी पाणी दिलं. मी कुठल्या धर्माची, कोणाच्या देवाची, कोणी विचारलं नाही. मयत नेली तेव्हा बाया जिन्यापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. मॅडमचे धाकटे भाऊ, सलीमभाऊ, परत आल्यावर जिन्यात भेटले. आधी एकदाच पाहिलं होतं त्यांनी मला, तरी ओळखलं. "पत्रकबाई न तू?" म्हणाले. मी मान हलवली. "तुह्याबद्दल लय बोले ती. तुह्या डोळ्याबद्दल बी," एवढं बोलून ते बाहेरची माणसं बघायला गेले.

नसरीन मॅडम कोण, असं विचारणारे पुष्कळ असतील. विचारा. तुमची चूक नाही. मोठ्या शहरांत हाच विषय शिकवणाऱ्यांचे फोटो छापून येतात, परिषदा होतात, गळ्यात पट्ट्या घालून लोक फिरतात. आमच्या मॅडम गेल्या तेव्हा स्थानिक पानावर दोन ओळी आल्या आणि त्यातही विषयाचं नाव चुकलं. म्हणून नीट लिहिते. गडचिरोलीच्या एका कॉलेजात त्या एमबीएच्या मुलांना बिझनेस इंटेलिजन्स आणि डेटा अॅनालिसिस शिकवायच्या. धंद्याची माहिती गोळा करायची, निवडायची, तिची चित्रं काढायची आणि त्यावरून दुकानदारानं, बँकेनं किंवा कारखान्यानं काय करावं हे ठरवायचं, असा तो विषय. चंद्रपूरहून त्या रोज बसनं यायच्या. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी राहायच्या, भाचरांचे अभ्यास घ्यायच्या, आणि बिर्याणीपेक्षा आमच्या हॉस्टेलची पातळ आंबाडीची भाजी बरी म्हणायच्या, जे आम्हाला कधीच पटलं नाही.

मी त्या वर्गात गेले तीच तावातावानं. शिष्यवृत्ती होती, हॉस्टेल होतं, म्हणून गेले. मनात पक्कं होतं की इथं माणसांना साबण कसा खपवायचा ते शिकवतात. मी शाळेत असल्यापासून मोर्च्यात चालले आहे. मामा पत्रकं लिहायचे, मी ती वाचून दाखवायचे, आणि वाक्य कुठं तोडलं की टाळी पडते हे मला पुस्तकाआधी कळलं. संगणकाच्या त्या खोलीत एसी नव्हता, कूलर होता, आणि त्यात पाणी भरायची पाळी मुलांची. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, त्या खोलीत हजेरीपेक्षा पाण्याच्या बादल्यांना जास्त मान होता. मॅडम आल्या, टेबलावर पिशवीतून एक जड लोखंडी चष्मा काढून ठेवला. काचा नसलेला. डोळ्यांचा नंबर काढताना दुकानात नाकावर चढवतात ना, खाचांमध्ये एकेक काच घालून बघायची ती चौकट. त्यांच्या अब्बांची. एका बाजूचा स्क्रू तुटलेला, तिथं काळा दोरा बांधलेला. दुकानात नवी आली म्हणून ही जुनी मॅडमनी उचलली होती.

मग त्यांनी पडद्यावर एक चार्ट दाखवला. गडचिरोलीच्या बाजारातल्या दुकानांची विक्री. थोडं थांबून दुसरा दाखवला. माहिती तीच, मांडणी वेगळी. आणि विचारलं, "हे बरं, का आधीचं?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. पुन्हा पहिला. "हे बरं, का आधीचं?" आम्हाला वाटलं, काहीतरी फसवाफसवी आहे. हळूहळू कोणी म्हणालं हे, कोणी म्हणालं ते, आणि त्या प्रत्येकाला विचारत गेल्या, याच्यात तुला काय दिसतं जे त्याच्यात दिसत नव्हतं? पुढे कळलं, अब्बा दुकानात अगदी असंच करायचे. एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं. समोरचा माणूस कलेक्टर असो की हमाल, उत्तर त्यानंच द्यायचं, कारण डोळा त्याचा आहे. त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडम, दोन्ही खोटं आहे. यात आमच्या गावचा बाजारच नाई."  मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग हसल्या. "बरोबर. नाई हाय. मले कोणी आणूनच नाई देल्ला. तू आणून देशील?" मी भांडायला तयार होते आणि बाईंनी मला काम दिलं. असं माझ्याशी तोपर्यंत कोणी वागलं नव्हतं. माझं बोलणं पत्रकासारखं वाटलं म्हणून त्याच दिवसापासून त्यांनी माझं नाव पत्रकबाई ठेवलं.

तो बाजार आम्ही आणला. प्रत्येकानं आपापल्या गावच्या किराणा दुकानांची माहिती आणायची असं ठरलं. सचिननं सगळ्यांचं एका शीटमध्ये जमवलं. पण काही गावांची माहिती आलीच नव्हती, नदीपलीकडच्या वाटा पुरानं बंद होत्या, आणि रिकामे रकाने असले की त्याचा चार्ट मोडायचा. पठ्ठ्यानं काय करावं? सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरलं. चार्ट असा गुळगुळीत झाला की विचारू नका. त्यात माझं गाव सोडलं तर आमचा धानोऱ्याकडचा सगळा पट्टा पांढरा फटक, जणू तिथं कोणी मीठ-मिरचीसुद्धा विकत घेत नाही. मी ओरडणार तेवढ्यात मॅडमनी ती चौकट उचलली आणि सचिनच्या नाकावर बसवली.

"सांग, तुहा नंबर किती?"

"काचच नाई मॅडम याले. नंबर कसा सांगू?"

"शून्य लिहू?"

"शून्य कसा? तपासला कुठी तुम्ही?"

"बस," मॅडम म्हणाल्या. "आता हे त्या गावाच्या तोंडून बोल."

मग त्या आमच्याकडे वळल्या. अब्बांकडे दोन तऱ्हेची माणसं यायची, म्हणाल्या. एकाचे डोळे तपासले आणि नंबर निघाला नाही, त्याच्या चिठ्ठीवर शून्य. दुसरा नुसताच दारात उभा, अजून खुर्चीत बसलेला नाही, त्याची चिठ्ठी कोरी. कोऱ्या चिठ्ठीवर अब्बा शून्य लिहिते तर अर्धं चंद्रपूर खड्ड्यात पडलं असतं. "शून्य म्हणजे आपण विचारलं, आणि तिथं नाई हाय. कोरं म्हणजे आपण विचारलंच नाई. पह्यलं उणं त्याचं आहे, दुसरं आपलं आहे." मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, केलीही. आमच्या जिल्ह्यांबद्दल इतकं खरं वाक्य मी कुठल्या व्यासपीठावरून ऐकलेलं नाही. आम्हाला मागास म्हणणाऱ्या कितीतरी नकाशांवरचे रंग म्हणजे कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेली शून्यं आहेत. कोणी आलंच नाही. कोणी विचारलंच नाही. आणि लिहून मोकळे. सचिन मात्र तो तास संपेपर्यंत चौकट घालून बसला, कारण मॅडम काढ म्हणायला विसरल्या आणि त्याला विचारायची लाज वाटली.

माझ्यावर त्यांचा एक वेगळा डोळा होता. मी फळ्याकडे बघताना कपाळाला आठ्या घालते हे त्यांनी पहिल्याच महिन्यात हेरलं. "पत्रकबाई, दुकानात ये एकदा. सलीम तपासून देईल." मी म्हणायची, माझे डोळे ठणठणीत आहेत. त्या म्हणायच्या, "कोणी सांगतलं?" मी म्हणायची, मलाच माहीत आहे ना. त्यावर त्या टेबलावरची चौकट बोटानं जराशी माझ्याकडे सरकवायच्या आणि पुढे शिकवायला लागायच्या. मी पास होऊन बाहेर पडले, तालुक्यात काम करू लागले, तरी भेटलं की चौकट सरकवणं चालूच.

मग ते प्रकरण आलं. वरून एक समिती नेमली गेली, कुठले अभ्यासक्रम चालू ठेवायचे आणि कुठले बंद करायचे ते ठरवायला. कॉलेजच्या कार्यालयानं तिला आमच्या विषयाचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळ्या आकड्यांचं आणि चार्टचं एक पान, पाठवला. कोण किती शिकलं, कुठं नोकरीला लागलं. त्यात नोकरीच्या रकान्यात कंपनीचं नाव मागितलं होतं. ज्यांचं नाव आलं नव्हतं तिथं कार्यालयातल्या कोणीतरी शून्य भरून टाकलं, चार्ट गुळगुळीत यावा म्हणून. समितीनं पाहिलं आणि निष्कर्ष काढला, या भागात हा विषय शिकून काही होत नाही, इथल्या जागा नागपूरला हलवाव्या. एवढं सोपं. वाचणाऱ्याला वाटेल, नागपूर काय लांब आहे? माझी चुलत बहीण रंजना तेव्हा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पुढे याच वर्गात यायचं म्हणून तिनं घरी धरणं धरलं होतं. काकानं तिला सांगितलं होतं, गडचिरोलीच्या हॉस्टेलला राहत असशील तर शिक. नागपूरला नाही. त्याच्यापुढे चर्चा नाही. हा वर्ग गेला की रंजनाचं शिक्षण गेलं, आणि तिच्यासारख्या ज्या पोरी आहेत त्यांचंही. मी चिडले. माझ्या चिडण्याला पत्रकाचा आकार असतो. 'आमचा वर्ग पळवणाऱ्यांचा जाहीर निषेध' असं लिहिलं आणि छापायच्या आधी मॅडमना दाखवायला घेऊन गेले.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "जोरदार आहे." मी खूश. मग म्हणाल्या, "आपल्या वर्गातून शिकून गेलेले सगळे पोट्टे-पोट्ट्या कामाले लागले, असं लिहिलं तू. कोणाले विचारलं?"

मी म्हटलं, "मॅडम, हे पत्रक आहे. पत्रकात असंच लिहितात."

"अन् त्यांनी डॅशबोर्डात असंच लिहिलं. मंग तुह्यात अन् त्यांच्यात फरक काय व?"

मी कागद ओढून घेतला. असं कोणी तोंडावर म्हटलं की मला खपत नाही, मॅडम असल्या तरी. दाराशी गेले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "फाडू नको. ठेव. आधी विचारू, मग छापू. मी येते तुह्यासंग." आणि खरंच आल्या.

विचारायचं कुठं आणि कसं? शिकून गेलेल्या निम्म्या मुलांचे नंबर बदललेले, काहींच्या गावात रेंजच नाही. पण आमच्याकडे एक गोष्ट कोणालाच चुकत नाही. आठवडी बाजार. तो चुकवत नाही लग्न झालेली, तो चुकवत नाही म्हातारी, गावची बातमी गावाआधी तिथं पोचते. मॅडम म्हणाल्या, बाजारात बसू. सुट्टीत त्या धानोऱ्याला आल्या, चिंचेखाली खुर्ची टाकली, लॅपटॉप उघडला, आणि सवयीनं पिशवीतली चौकट काढून समोर ठेवली. झालं! ती चौकट बघून एक आजी आली, समोर बसली आणि नाक पुढे केलं. तिच्या मागे दुसरी. बघता बघता रांग. सगळ्या बाजारात झालं की चंद्रपूरची डॉक्टरीण डोळे तपासायला आली आहे, तेही फुकट. मी गोंडीतून ओरडून सांगितलं, या डॉक्टर नाहीत, या कॉलेजच्या मॅडम आहेत. एका आजीनं मला गोंडीतूनच झापलं, "मग चष्मा कायला मांडला?" मॅडमना मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्या इतक्या हसल्या की छत्री पडली.

दुसरी कोणी असती तर चौकट पिशवीत टाकून मोकळी झाली असती. मॅडमनी भावाला फोन लावला. पुढच्या बाजाराला सलीमभाऊ काचांची पेटी घेऊन हजर. मखमलीच्या खाचांत ओळीनं लावलेल्या त्या काचा बघायला लहान पोरं जमली. अक्षरांचा तक्ता ज्यांना वाचता येत नव्हता त्यांच्या हातात सलीमभाऊ सुई-दोरा देत. "हे बरं, का आधीचं?" आणि म्हातारीचा दोरा सुईत गेला की सगळी रांग खुश. तिकडे डोळे तपासणं चाललं आणि इकडे मॅडम आणि मी रांगेतल्या बायांशी बोलत होतो. तुमच्या गावची अमुक पोरगी शिकली ना आमच्याकडे, काय करते? आणि उत्तरं यायला लागली. कोणी बांबूच्या वस्तूंचं केंद्र सांभाळते, मालाचा हिशेब आणि विक्री तिच्याकडे. कोणी मोहफुलाच्या गोदामात आहे. एकानं आलापल्लीला मोबाईलचं दुकान टाकलं आहे आणि उधारी कोण बुडवतं याचा त्यानं चार्ट केला आहे. कंपनीचं नाव कोणाकडेच नव्हतं. काम होतं. मी हवेत. मनातल्या मनात पत्रकाचं मथळ्यापासून शेवटपर्यंत नवं रूप तयार.

आणि मग ती मुलगी भेटली. माझ्याच बॅचची, हुशार, वर्गात मॅडमच्या प्रश्नाला आधी तिचा हात वर जायचा. ती आजीला घेऊन आली होती. मॅडमनी विचारलं, "काय करतेस बेटा?" ती म्हणाली, "काहीच नाई मॅडम. घरी हाय. अर्ज केले. मिळालं नाई." तिच्या डोळ्याला डोळा मला देता येईना. ती गेल्यावर मी म्हटलं, हिचं कोरं ठेवू. मॅडम म्हणाल्या, शून्य लिही. मी म्हटलं, समितीला हेच हवं आहे. आपणच त्यांच्या हातात काठी द्यायची? रंजनाचं काय होईल? मी बाजारात भांडायला लागले, आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. मॅडमनी आवाज चढवला नाही. "ती आली, बसली, अन् खरं सांगतलं. किती जड गेलं असन तिले. तिचं कोरं ठेवलं तं आपण तिले विचारलंच नाई असं होते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिच्या घरी बसण्याची लाज तिले नको. ते लिहिलं की काम न देणाऱ्याले वाटली पाहिजे." मी शून्य लिहिलं. 

समिती आली तेव्हा मला आत जाऊ दिलं नाही, मी आता विद्यार्थिनी नव्हते. मी आणि रंजना वऱ्हांड्यात, कूलरच्या खिडकीशी. आत सचिन होता, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागला होता, त्यानं पुढे सगळं सांगितलं. मॅडमनी भाषण केलं नाही. कार्यालयाचा डॅशबोर्ड पडद्यावर लावला. मग आमचा लावला. त्यात भरलेले रकाने होते, खरी शून्यं होती, आणि ज्यांच्यापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो ते तसेच कोरे, एका वेगळ्या रंगात, खाली लिहिलेलं, 'अजून विचारलं नाही'. मग त्या खुर्च्यांवरच्या मोठ्या माणसांना विचारलं, "हे बरं, का आधीचं?" सचिन म्हणतो, ते एकमेकांकडे बघायला लागले, आणि त्याला आमचा पहिला तास आठवला. मग एक साहेब म्हणाले, मागचं दाखवा पुन्हा. दाखवलं. मग म्हणाले, तुमचं बरं. खिडकीतून मला फक्त मॅडमची पाठ दिसत होती आणि रंजनानं माझं मनगट धरलेलं.

पत्र आलं. अभ्यासक्रम आणखी एका वर्षासाठी गडचिरोलीतच. मी पेढे घेऊन गेले आणि सोबत पत्रकाचा मसुदा, 'आपण जिंकलो!' मॅडमनी पेढा घेतला, मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "एक वर्ष म्हणजे एक वर्ष. पुढचं कोरं आहे. तसंच लिही." आमची शेवटची भेट ती. निघताना त्यांनी टेबलावरची चौकट बोटानं माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, येते हो मॅडम एकदा, बस्स? त्या म्हणाल्या, "रंजनाची अॅडमिशन झाली की दोघी या. तिले गच्ची दाखवते. मस्त हवा राहते." इतकंच...

आता त्यांची जागा रिकामी आहे. भरती होईपर्यंत तासिका तत्त्वावर चालवा, असं सांगितलंय. सचिन एकटा सगळं ओढतो आहे, त्याला महिना-महिना मानधन मिळत नाही, आणि वर्षाच्या शेवटी हीच समिती पुन्हा येणार. मी इथं स्पष्ट लिहिते, मॅडमची जागा भरा. मागणी एवढीच आहे आणि ती पत्रकातही असेल. शिकवणारं माणूस न देता वर्गात काही होत नाही असं वर्षाअखेर म्हणायचं, हा डाव आम्हाला कळतो.

रंजनाची अॅडमिशन झाली. मागच्या आठवड्यात आम्ही तिघं कॉलेजात बसून पुढच्या समितीसाठी शीट पुढे भरायला लागलो. सचिन फोनवर विचारत होता, मी रंजनाला सांगत होते कुठल्या रकान्यात काय. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ताई, तू म्हणते तो रकाना तं दुसऱ्याचा आहे. तुले दिसत नाई का?" मी म्हटलं, दिसतं. ती म्हणाली, "तपासलं का कधी?" सचिन फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. तो चौकट घालून बसलेला तास त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

काल दोघी चंद्रपूरला गेलो. मॅडमना जाऊन चाळीस दिवस झालेले नाहीत, चाळिसावा व्हायचा आहे अजून. शटर पूर्ण वर होतं. सलीमभाऊंनी रंजनाला आधी गच्चीवर पाठवलं, "जा, पाहून ये, तिनं म्हटलं होतं न," आणि मला खुर्चीत बसवलं. समोरच्या भिंतीवर तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. नवी चौकट त्यांच्या हाताशीच होती. ती त्यांनी बाजूला ठेवली, कपाट उघडलं आणि काळा दोरा बांधलेली ती जुनी काढली. कॉलेजातून मॅडमच्या सामानासोबत आली होती. माझ्या नाकावर बसवली. केवढी जड असते ती! सचिन एक तास कसा बसला असेल. त्यांनी पेटीतून एक काच उचलली, खाचेत घातली. काढली. दुसरी घातली. आणि विचारलं, "हे बरं, का आधीचं?"

त्याच सुरात. 'बरं'वर जरा थांबून. दोघांनी एकाच माणसाकडून शिकलेलं.

मला तक्ता दिसेना, भिंत दिसेना. मी हे म्हटलं, मग ते म्हटलं, मग पुन्हा हे. सलीमभाऊंनी घाई केली नाही. हळूच चौकट काढली, दोरा नीट गुंडाळला, आणि गच्चीवरून खाली आलेल्या रंजनाच्या हातात दिली. "कॉलेजात नेऊन ठेव, टेबलावर. तिथीच पाहिजे ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रडल्या डोळ्याचा नंबर खरा येत नाई, बेटा. उद्या ये."

समोरच्या चिठ्ठीवर त्यांनी माझं नाव लिहिलं. पुढची जागा कोरी सोडली.